डेंग्यूनंतरची केसगळती आणि फसवा थायरॉइड अहवाल : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रुग्ण ३३ वर्षांच्या, विवाहित, सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत लिपिक. त्यांना पाच वर्षांची एक मुलगी असून दुसऱ्या अपत्याचा विचार सुरू होता. ओळख पटू नये म्हणून गाव, व्यवसाय आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत.

सप्टेंबरच्या अखेरीस त्यांना डेंग्यू झाला. ताप १०३ पर्यंत गेला, प्लेटलेट उतरल्या आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागले. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्या पूर्ववत कामावर रुजू झाल्या आणि दिवाळी नेहमीसारखी पार पडली. डिसेंबरच्या मध्यापासून मात्र केस इतके गळू लागले की न्हायच्या दिवशी बाथरूमच्या जाळीवर मूठभर गुंता साचू लागला. भीतीने त्यांनी आठवड्यातून दोनदा न्हाणे कमी करून एकदाच न्हायला सुरुवात केली. त्यामुळे आठवडाभर सैल होऊन अडकून राहिलेले केस एकाच दिवशी हातात येऊ लागले आणि भीती आणखी वाढली.

टाळूवर साधारण एक लाख केस असतात. त्यांपैकी ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात आणि ही अवस्था दोन ते सहा वर्षे टिकते. उरलेले केस सुमारे तीन महिने विश्रांतीत राहून गळतात, म्हणून दिवसाला शंभरपर्यंत केस जाणे हे आजाराचे लक्षण मानले जात नाही. तीव्र ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा उपासमारीसारखा आहार यांचा धक्का बसला, की वाढीच्या अवस्थेतील पुष्कळ केस एकदमच विश्रांतीत जातात. पण ते त्याच वेळी पडत नाहीत, तर दोन ते तीन महिन्यांनी पडतात. सप्टेंबरचा डेंग्यू आणि डिसेंबरची केसगळती ही एकाच घटनेची दोन टोके होती. पावसाळ्याच्या शेवटी डेंग्यू-टायफॉइडचे रुग्ण आणि दिवाळीनंतर केसांच्या तक्रारी, हा क्रम आमच्याकडे नेहमीचा आहे. तरीही रुग्ण स्वतःहून तापाचा उल्लेख क्वचितच करतात, कारण त्यांच्या लेखी तो आजार केव्हाच संपलेला असतो.

दुकानातून घरी आलेले उपचार

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी जवळच्या मेडिकल दुकानात केसांसाठी काहीतरी मागितले. त्यांना बायोटिन या ब-गटातील जीवनसत्त्वाच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या, कांद्याचा अर्क असलेले तेल आणि एक शाम्पू देण्यात आला. प्रौढ माणसाची बायोटिनची दैनंदिन गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम धरली जाते. म्हणजे त्या एका गोळीत गरजेच्या तीनशेपटींहून अधिक मात्रा होती. बायोटिनची खरी कमतरता अत्यंत विरळ असते, आणि ती नसलेल्या माणसाचे केस या गोळ्यांनी वाढतात असा भक्कम पुरावा नाही. तेल आणि शाम्पूने अपाय झाला नाही, उपयोगही झाला नाही. एवढे सांगून त्यांचा विषय इथे संपवता येईल.

आणखी एक गोष्ट घरातच होती. त्यांचे थोरले बंधू दोन वर्षांपासून मिनॉक्सिडिलचे द्रावण लावत होते आणि त्यांना गुण आला होता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी दादांच्याच बाटलीतून सकाळ-संध्याकाळ लावायला सुरुवात केली. तीन आठवड्यांत केस पूर्वीपेक्षा जास्त गळू लागले, छातीत अधूनमधून धडधड जाणवू लागली आणि त्यांनी ते औषध बंद केले. गोळ्या मात्र चालूच राहिल्या.

मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढतात हे लक्षात आल्यावर तिचे टाळूला लावायचे द्रावण तयार झाले. अमेरिकेत त्याला १९८८ साली मान्यता मिळाली आणि १९९६ पासून ते तिथे चिठ्ठीविना विकले जाऊ लागले. अनुवंशिक टकलावर चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांपैकी ज्याच्यामागे खरा पुरावा आहे असे हे जवळपास एकमेव औषध आहे. पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत गळती वाढते, कारण विश्रांतीतले जुने केस नव्या केसांना जागा देत लवकर पडतात. परिणाम दिसायला किमान चार ते सहा महिने लागतात आणि बंद केले की मिळालेला लाभ काही महिन्यांत ओसरतो. दुकानात किंवा घरात यातले एकही वाक्य त्यांना कोणी सांगितले नव्हते. तीन आठवड्यांत बंद केल्यामुळे त्रास तेवढा पदरात पडला आणि फायदा मिळायची वेळच आली नाही.

अडचण

फेब्रुवारीत एका प्रयोगशाळेच्या आरोग्य तपासणी पॅकेजमध्ये त्यांनी स्वतःहून रक्त दिले. अहवालात टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) ०.०८, म्हणजे नेहमीच्या मर्यादेच्या बऱ्याच खाली, आणि फ्री टी-४ (थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक) मर्यादेच्या वर होते. केस गळतात, धडधड होते, टीएसएच खाली आणि टी-४ वर; ही चौकट थायरॉइड ग्रंथीच्या अतिक्रियेशी इतकी तंतोतंत जुळते की परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत तेच उत्तर बरोबर ठरले असते. पहिल्या डॉक्टरांनी कार्बिमाझोल, म्हणजे थायरॉइडचे काम मंदावणारे औषध, लिहून दिले. दुसरे अपत्य हवे असल्याने गोळी सुरू करण्याआधी आणखी एकदा विचारावे, म्हणून त्या आमच्याकडे आल्या.

तपासणीत मात्र चित्र अहवालाशी जुळेना. नाडी मिनिटाला ८६ आणि नियमित होती. हात पुढे धरायला सांगितल्यावर बोटांना कंप नव्हता, गळ्याला गाठ वा सूज नव्हती, डोळे स्वच्छ होते, आणि वजन डेंग्यूनंतर दोन किलोंनी वाढले होते. थायरॉइडची अतिक्रिया इतकी असताना वजन वाढणे अशक्य नसले तरी विसंगत आहे. पापण्यांची आतली बाजू आणि नखे मात्र फिकट होती.

चालू औषधांबद्दल विचारल्यावर त्यांचे उत्तर होते, “औषध काही चालू नाही, डॉक्टर.” घरात केसांसाठी, ताकदीसाठी, झोपेसाठी जे काही आहे ते सगळे पिशवीत घालून आणायला सांगितले, तेव्हा दुसऱ्या दिवशी पिशवीतून बायोटिनची अर्धी संपलेली डबी, तेलाची आणि शाम्पूची बाटली आणि दादांचे द्रावण निघाले. पिशवीत आणखी एक छोटी प्लास्टिकची पुडी होती, तिच्यात दोन दिवसांचे गळलेले केस जपून ठेवले होते. ती पुडी उपयोगी ठरली. जवळजवळ प्रत्येक केस पूर्ण लांबीचा होता आणि त्याच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ होती. केस मधेच तुटत नव्हते, मुळापासून विश्रांतीनंतर सुटत होते.

दादांच्या बाटलीने वेगळाच प्रश्न उभा केला. लेबलवर मोठ्या अक्षरांत मिनॉक्सिडिल ५ टक्के होते. खाली बारीक अक्षरांत फिनास्टेराइड ०.१ टक्का असेही छापले होते. फिनास्टेराइड पुरुषांच्या टकलासाठी दिले जाते. गरोदरपणात ते शरीरात गेल्यास मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष निर्माण होऊ शकतो, म्हणून गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीने ते वापरायचे नसते. सुदैवाने त्या काळात त्या गरोदर नव्हत्या. खात्रीसाठी केलेली चाचणीही नकारात्मक आली.

प्रकार ठरवताना

केसगळती हे एका आजाराचे नाव नाही, आणि औषधाची निवड प्रकारावर ठरते. नाण्याएवढा गुळगुळीत गोल चट्टा पडला तर ती चाई. तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. मुलांच्या डोक्यात खवले सुटून केस तुटत असतील तर बुरशीचा संसर्ग असतो आणि त्याला पोटातून औषध लागते. वर्षानुवर्षे ताणून बांधलेल्या अंबाड्याने वा वेणीने कपाळाकडचे केस विरळ होतात. टाळूवर व्रण धरून, केसांची छिद्रेच दिसेनाशी होत असतील तर मात्र दुकानाच्या वाटेला न जाता त्वचारोगतज्ज्ञ लवकर गाठावा लागतो, कारण त्या जागी केस परत येत नाहीत.

या रुग्णाच्या टाळूवर चट्टा, खवले वा व्रण नव्हता. डोक्याच्या वेगवेगळ्या भागांतून पन्नास-साठ केसांची बट बोटांत धरून हलकेच ओढली असता दर वेळी सात-आठ केस सुटून आले. निरोगी टाळूवर एक-दोनच येतात. गळती सर्व बाजूंनी सारखी होती, म्हणजे तापानंतरची तात्पुरती गळती हे निदान जवळपास नक्की होते. मात्र भांग पुढच्या भागात मागच्यापेक्षा थोडा रुंद होता आणि भिंगातून पाहिल्यावर तिथे जाड-बारीक केसांची सरमिसळ दिसली. त्यांच्या आईचा भांगही चाळिशीतच रुंदावला होता. स्त्रियांमधील अनुवंशिक विरळपणाची ही सौम्य सुरुवात असू शकत होती. दादांचे कपाळाचे कोन मागे सरकले होते आणि माथ्यावर विरळ झाले होते. हा पुरुषांमधला अनुवंशिक प्रकार. एकाच घरात, एकाच तक्रारीसाठी, एकच बाटली दोघांनी वापरली. पण एकाला ती लागू पडत होती आणि दुसरीच्या मुख्य तक्रारीशी तिचा संबंध नव्हता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे लिहून दिलेले कार्बिमाझोल सुरू करणे. ते चुकीचे ठरले असते तर थायरॉइड विनाकारण मंदावला असता, पांढऱ्या पेशी एकाएकी घटण्याचा दुर्मीळ पण गंभीर धोका पत्करला गेला असता, आणि गर्भधारणा झाल्यास बाळालाही धोका होता. दुसरा पर्याय थायरॉइडचे स्कॅन आणि अँटिबॉडीच्या चाचण्या लगेच करण्याचा होता. त्यात खर्च बराच होता आणि अँटिबॉडीच्या काही चाचण्याही बायोटिनमुळे फसव्या येण्याची शक्यता होती. तिसरा पर्याय बायोटिन बंद करून काही दिवसांनी तेच रक्त पुन्हा तपासण्याचा होता.

तिसरा पर्याय का निवडला हे थोडे विस्ताराने सांगायला हवे. अनेक प्रयोगशाळांतील हार्मोनच्या चाचण्यांत बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन हे दोन रेणू एकमेकांना घट्ट चिकटतात या गुणाचा वापर केलेला असतो. रुग्णाच्या रक्तातच बायोटिनचा पूर असेल तर ती जोडणी बिघडते. टीएसएचसारख्या चाचणीत आकडा खोटा कमी येतो, तर फ्री टी-४सारख्या वेगळ्या पद्धतीच्या चाचणीत तो खोटा जास्त येतो. दोन्ही चुका नेमक्या उलट दिशांना होतात आणि मिळून अतिक्रियेचे हुबेहूब चित्र उभे करतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबाबत सार्वजनिक इशारा दिला होता. त्यात हृदयविकाराच्या झटक्यासाठी केली जाणारी ट्रोपोनिनची चाचणीही अशीच खोटी कमी येऊ शकते, हेही नमूद होते. सगळ्याच यंत्रांत ही पद्धत नसते, म्हणून एका प्रयोगशाळेत बिघडलेला अहवाल दुसरीकडे सरळ येऊ शकतो.

आठवडाभर थांबण्यात धोका किती, हा खरा निर्णयाचा मुद्दा होता. नाडी स्थिर, रुग्ण चालती-बोलती, वजन वाढते. थायरॉइडचा दोष असलाच तरी आठ दिवसांनी तो हाताबाहेर जाणार नव्हता. नाडी ११० आणि हाताला कंप असता तर आमचा निर्णय वेगळा झाला असता, आणि बायोटिन घेणाऱ्या माणसालाही थायरॉइडचा खरा आजार होऊ शकतो हे विसरून चालले नसते.

काय केले

बायोटिन आणि दादांची बाटली दोन्ही बंद करण्यात आली. आठव्या दिवशी त्याच प्रयोगशाळेत, त्याच यंत्रावर रक्त पुन्हा तपासले, म्हणजे दोन अहवालांतील फरक यंत्राचा की गोळीचा असा वाद उरू नये. टीएसएच २.३ आणि फ्री टी-४ मर्यादेत आले. कार्बिमाझोलची चिठ्ठी बाजूला ठेवण्यात आली.

याच वेळी हिमोग्लोबिन आणि लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारे फेरीटिनही तपासले. हिमोग्लोबिन १०.१ आणि फेरीटिन ८ निघाले, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा जवळपास संपलेला होता. रुग्णालयाच्या जुन्या फाइलमध्ये फेरीटिन हजाराच्या वर होते आणि “तुमच्या अंगात लोह भरपूर आहे” असे त्यांना तेव्हा कोणीतरी सांगितलेले होते. डेंग्यूच्या तापात फेरीटिन दाहामुळे अनेक पटींनी चढते. तो आकडा लोहाच्या साठ्याचा नसतो, तापाच्या तीव्रतेचा असतो. शिवाय फेरीटिनची चाचणीही काही यंत्रांवर बायोटिनने खोटी कमी येऊ शकते, म्हणून ती गोळ्या बंद केल्यानंतरच केली. पाळीत अंगावरून बरेच जाते आणि जेवणानंतर लगेच चहा होतो, हे दोन प्रश्न विचारल्यावर कळले.

लोहाची गोळी एक दिवसाआड, लिंबू-पाण्याबरोबर, चहापासून दोन तास लांब अशी सुरू केली. रोज घेतल्यास आतड्यातून लोह शोषून घेण्याची क्षमता दुसऱ्या दिवशी कमी होते आणि मळमळ-बद्धकोष्ठही वाढतो, म्हणून एक दिवसाआड. पाळीच्या तक्रारीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. आहारात डाळी, कडधान्ये, अंडी आणि पालेभाज्या वाढवायला सांगितल्या. केस आठवड्यातून दोन-तीनदा न्हायला आणि मोजणे थांबवायला सांगितले. केसांसाठी म्हणून आणखी एखादी मल्टिव्हिटामिनची गोळी घ्यावी का, या प्रश्नाला नकार दिला. अशा गोळ्यांत सेलेनियम असते आणि ते जास्त झाले तर केसच गळतात. बुलढाण्यातील शेगाव तालुक्यात २०२५ च्या जानेवारीत गावेच्या गावे अचानक केस गळण्याने हवालदिल झाली, तेव्हा संशय सेलेनियमवरच गेला होता, डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले होते.

मिनॉक्सिडिलबाबतचा निर्णय सर्वांत अवघड होता. तापानंतरची गळती आपोआप थांबते, तिला या औषधाची गरज नसते. पण भांगाचा रुंदपणा अनुवंशिक असेल तर स्त्रियांसाठीच्या मात्रेत, फिनास्टेराइड नसलेले द्रावण उपयोगी पडू शकत होते. अडचण अशी, की गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना मिनॉक्सिडिल टाळायचे असते, आणि सुरू करून मधेच सोडणे म्हणजे गळतीची आणखी एक लाट ओढवून घेणे. जानेवारीतला अनुभव ताजा होता. दोन्ही बाजू ऐकून त्यांनी स्वतःच ठरवले, की आधी बाळाचा निर्णय आणि नंतर भांगाचा. आम्हाला तो निर्णय योग्य वाटला.

परिणाम

एप्रिलच्या अखेरीस गळती बरीच कमी झाली. केस ओढून पाहिले असता दोन-तीनच आले. जूनमध्ये कपाळाच्या कडेला बोटभर उंचीचे नवे केस उभे दिसू लागले. त्यांना ते विस्कटलेले आणि कुरूप वाटत होते, आम्हाला मात्र तेच पाहायचे होते. हिमोग्लोबिन १२.४ वर आले. साठा भरून यावा म्हणून लोहाची गोळी त्यानंतरही तीन महिने चालू ठेवली. धडधड मार्चमध्येच थांबली होती. ती मिनॉक्सिडिलमुळे होती, रक्त कमी असल्यामुळे की काळजीमुळे, हे वेगळे काढता आले नाही. भांगाचा पुढचा भाग सप्टेंबरमध्येही थोडा रुंदच होता. अनुवंशिक विरळपणा आहे हे त्यानंतरच खात्रीने नोंदवले, कारण तात्पुरती गळती ओसरल्याशिवाय तो निवाडा करणे घाईचे ठरले असते.

बाळंतपणानंतर साधारण तीन महिन्यांनी केस पुन्हा जोरात गळतील आणि ते काही महिन्यांत थांबेल, हे त्यांना आधीच सांगून ठेवले आहे. दादांनी आपली बाटली चालू ठेवली आहे; ती त्यांच्यासाठी योग्य आहे, फक्त कपाटात वेगळी ठेवायला आणि घरातल्या मांजरापासून दूर ठेवायला सांगितले, कारण मिनॉक्सिडिल मांजरांना अत्यल्प प्रमाणातही विषारी असते.

वेगळे काय करता आले असते

दुकानातल्या खिडकीवर तीन प्रश्न पुरेसे होते: गळती कधीपासून, गेल्या चार महिन्यांत ताप, बाळंतपण वा ऑपरेशन झाले का, आणि घरात कोणी गरोदर आहे वा होऊ शकते का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली असती तर डिसेंबरमध्येच कदाचित काहीही विकावे लागले नसते. विक्रेत्याला दोष देणे सोपे आहे, पण काही न विकता परत पाठवलेला ग्राहक शेजारच्या दुकानात जातो, हेही तितकेच खरे आहे.

प्रयोगशाळेच्या पॅकेजमध्ये थायरॉइड, जीवनसत्त्वे, साखर, कोलेस्टेरॉल असे बरेच काही होते. फेरीटिन नव्हते, आणि रक्त घेताना कोणत्या गोळ्या चालू आहेत हे विचारले गेले नाही. पहिल्या डॉक्टरांच्या बाबतीत मात्र मी कठोर होणार नाही. अहवाल आणि तक्रारी इतक्या जुळत असताना, आणि रुग्ण “औषध काही चालू नाही” म्हणत असताना, बायोटिन सुचायला ते आधी कुठेतरी भेटलेले असावे लागते. नाडी आणि वजन पाहून थबकणे तेवढे शक्य होते.

आमच्या उपचाराची एक मर्यादाही नोंदवायला हवी. डेंग्यूनंतरची गळती सहसा तीन ते सहा महिन्यांत स्वतःहून थांबते, आणि आम्ही लोह सुरू केले तेव्हा ती आपोआप ओसरण्याचा काळ जवळ आलाच होता. एप्रिलमधली सुधारणा लोहामुळे किती आणि निव्वळ वेळेमुळे किती, हे या एका प्रकरणावरून सांगता येत नाही. लोह रक्तक्षयासाठी द्यायलाच हवे होते, केसांसाठी त्याचे श्रेय मात्र अनिर्णित राहते. त्या काळात कांद्याचे तेल चालू राहिले असते तर श्रेय त्यालाच मिळाले असते.